जुन्या बोटीच्या इंजिनाचा पंप पाणी सोडतोय? इंपेलर बदलण्याआधी हे बघा

माझं इंजिन 1974 चं आहे, दोन सिलिंडरचं डिझेल, आजोबांच्या होडीतलं. बारा वर्षं पडवीत ताडपत्रीखाली पडून होतं, 2016 ला सगळं खोलून परत बांधलं आणि तेव्हापासून दाभोळच्या खाडीत चालवतोय. पहिल्या चार सीझनमध्ये मी सहा इंपेलर, म्हणजे पंपातली रबरी पाकळ्यांची चाकं, बदलले. नवीन टाकला की पाणी जोरात यायचं, झाकण बसवलं की मी मोकळा, आणि दोन-तीन महिन्यांत परत तेच. तो जळतोय कशामुळे हे मी शोधलंच नव्हतं. नंतर बंदरातल्या ओळखीच्यांचेही सात-आठ पंप खोलून दिले आणि तेव्हा लक्षात आलं की बहुतेक वेळा खोट पंपात नसतेच, पंपाच्या आधी सक्शनला, म्हणजे पाणी ओढायच्या बाजूला असते, आणि पंप बिचारा त्यात मरतो. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय, फुकटात होणारं आधी आणि खर्चाचं शेवटी.

आधी लक्षणं

तुमचं इंजिन नेमकं काय करतंय ते नीट बघा, कारण लक्षणावरून अर्धं उत्तर मिळतं.

बाहेर पडणारं पाणी बारीक झालंय, किंवा सलग न येता फस्‌ फस्‌ करत हवेबरोबर येतंय.

स्लोवर पाणी ठीक आहे पण रेस दिली की वाढायच्या ऐवजी कमी होतंय. हे लक्षण वेगळं ओळखा, त्याचं कारण बहुतेक एकच असतं, खाली सांगतो.

सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर पाणीच येत नाही आणि मग एकदम येतं.

पाणी भरपूर येतंय तरी वीस-पंचवीस मिनिटांनी लोडवर इंजिन हीट होतंय.

पंपाच्या खाली थेंब पडतायत, इंजिनखाली मिठाचे पांढरे ओघळ दिसतायत.

एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळणारी सिस्टीम असेल तर वाफ येते, आवाज कोरडा आणि मोठा होतो, रबरी पाइपाला जळका वास येतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे काटा वर चढता चढता अचानक खाली येतो. माणसाला वाटतं बरं झालं, थंड झालं. पण जॅकेटमधलं, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीतलं पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर नुसत्या हवेत राहतो आणि काटा खोटं दाखवतो. काटा असा पडला तर होडी सुरक्षित आहे एवढं बघून लगेच इंजिन बंद करा.

पाण्यावर असताना हे झालं तर

आधी होडी सुरक्षित करा. नांगर टाका किंवा वल्ह्याने कडेला घ्या, मग इंजिन बंद. तापलेल्या इंजिनावर किंवा जॅकेटमध्ये गार पाणी अजिबात ओतू नका, जुनं बीड (ओतीव लोखंड) असं तडकतं की परत जोडता येत नाही, आणि अशा इंजिनाचं हेड बाजारात सहज मिळतही नाही. इंजिनाला पाण्याची टाकी असेल तर तिचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. अर्धा तास जाऊ द्या. अंजनवेलच्या दीपगृहासमोर, खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या ओढीत मी एकदा असा अडकलोय, तेव्हा आधी नांगर टाकला म्हणून होडी खडकांकडे गेली नाही. इंजिनाचं जे व्हायचं ते नंतर बघता येतं.

पाणी फिरतं कसं

होडीच्या तळाला समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक असतो, तिथून पाणी गाळणीत येतं, गाळणीतून होजने पंपात, पंपातून गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरमधून ब्लॉकच्या जॅकेटमध्ये, मग हेडमधून थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप), आणि शेवटी बाजूच्या पाइपाने बाहेर. कोकणात अजून जुनी रस्टन, किर्लोस्कर, बुख अशी वेगवेगळी इंजिनं चालू आहेत, पंपाचा आकार आणि जागा बदलते, काहींना रबरी इंपेलरऐवजी दांड्याचा पंप असतो, पण हा रस्ता साधारण असाच. मी इथे रबरी इंपेलरबद्दल लिहितोय.

ब्राँझच्या डब्यात रबराचं पाकळ्यांचं चाक फिरतं. डब्याच्या एका बाजूला आतून फुगवटा असतो त्याला कॅम म्हणतात. पाकळी कॅमवर आली की वाकते, पुढे गेली की सरळ होते, आणि सरळ होताना पाणी ओढून घेते. म्हणजे सक्शन त्या रबराच्या ताठपणावर आहे. दुसरी गोष्ट, रबर आणि ब्राँझ यांच्यात वंगण म्हणजे तेच पाणी. पाणी नाही मिळालं तर एक-दोन मिनिटांत पाकळ्या जळायला लागतात, म्हणून एका छोट्या हवेच्या गळतीने चांगला इंपेलर संपतो. माझे सहाच्या सहा असेच पाणी न मिळून गेले.

1. कॉक आणि तळ

हसू नका, कॉक बंद राहिलेला मी दोनदा पाहिलाय. हँडल फिरतंय म्हणजे आत फिरतंय असंही नाही, जुन्या कॉकचा आतला दांडा तुटलेला असू शकतो. कॉक बंद करा, त्याच्यावरचा होज काढा, बादली धरा आणि कॉक हळू उघडा. पाणी धबधबा आलं पाहिजे. हात उघडझाप करायला कॉकवरच ठेवा आणि जवळ लाकडी खुंटी ठेवा, कारण हे भोक थेट समुद्रात उघडतं. कॉक गंजलेला किंवा हलणारा वाटला तर होडी पाण्यात असताना त्याला हातच लावू नका.

पाणी कमी आलं तर बाहेरून तळाच्या जाळीवर काहीतरी बसलंय. आमच्याकडे बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी, नाहीतर कालवं आणि बार्नॅकल. पिशवी असेल तर इंजिन बंद केल्यावर ती आपोआप सुटते, मग तुम्ही तपासता तेव्हा सगळं ठीक दिसतं आणि पुढच्या फेरीत परत चिकटते. ओहोटीला होडी गाळावर टेकत असेल तर तिथे इंजिन चालूच करू नका, पंप चिखल ओढतो आणि बारीक रेती झाकणावर आणि कॅमवर रेघा पाडते.

2. गाळणी

पाच मिनिटांचं काम. जाळी साफ करायची हे सगळे करतात, पण झाकणाचा रबरी ओ-रिंग कुणी बघत नाही. तो चपटा झाला असेल, त्याला चीर असेल किंवा खाली मिठाचा कण अडकला असेल तर पंप तिथून हवा घेतो. गाळणीचं झाकण पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे बाहेरून काहीच ओलं दिसत नाही आणि माणूस फसतो. रात्रभरात पाणी खाली उतरून सकाळी मिनिटभर पंप कोरडा फिरतो तो यामुळेच. ओ-रिंग काही रुपयांना मिळतो, बदलून टाका आणि हात लावून आवळा, पान्याने नको, झाकण तडकतं.

3. होज आणि क्लिपा

सक्शनच्या प्रत्येक जोडावर हात फिरवा. क्लिपा गंजल्या असतील तर स्टेनलेसच्या घ्या, पाण्याखालच्या जोडांना दोन-दोन लावा. होज ज्यावर चढवतात ते निपल पितळी असतील तर नखाने किंवा पान्याच्या टोकाने खरवडून बघा. पितळेतलं जस्त खारं पाणी खाऊन टाकतं आणि धातू गुलाबी, तांब्यासारखा दिसायला लागतो. असा गुलाबी निपल हातात बिस्किटासारखा मोडतो. हार्डवेअरच्या दुकानातलं पिवळं पितळ म्हणूनच होडीत पाण्याखाली वापरायचं नाही, ब्राँझ मागायचं.

आता ते रेस दिल्यावर पाणी कमी होण्याचं लक्षण. सक्शनला तारेची रीळ असलेला होज लागतो. रिस्टोअर करताना मला एका दुकानातून साधा कापडी रबरी होज मिळाला, दिसायला जाड आणि छान, मी तोच लावला. स्लोवर ठीक चालायचं, पण रेस दिली की पंपाची ओढ वाढायची आणि इंजिनच्या उष्णतेने मऊ झालेला होज मध्येच चपटा व्हायचा. इंजिन बंद केलं की परत गोल. चार सीझन मी बंद इंजिनावर तो होज बघत होतो, मग दिसणार काय. शेवटी एकाला रेस द्यायला बसवलं आणि मी टॉर्च घेऊन होजकडे बघत राहिलो तेव्हा डोळ्यासमोर चपटा झाला. तार असलेला होज बसवला तेव्हापासून जळालेला इंपेलर मी पाहिलेला नाही. जुन्या होजमध्ये अजून एक प्रकार असतो, आतला थर सुटून झडपेसारखा आत लोंबतो, बाहेरून होज नवा दिसतो. आत बोट घालून किंवा आरपार उजेड बघून तपासा.

4. बादलीची टेस्ट

खोट पंपाच्या आधी आहे की पंपात आणि पुढे, हे या एका टेस्टने कळतं, आणि खर्च शून्य. कॉक बंद करा, पंपाचा सक्शन होज गाळणीकडून काढा आणि पाण्याने भरलेल्या मोठ्या बादलीत बुडवा. बादली साधारण बाहेरच्या पाण्याच्या पातळीला ठेवा, फार वर ठेवली तर पंपाला फुकट मदत मिळते आणि टेस्ट खोटी ठरते. एका माणसाने सतत पाणी ओतत राहायचं, दहा लिटर मिनिटभरातच जातं. नळाचा पाइप थेट पंपाला जोडू नका, दाबाने पाणी गेलं आणि इंजिन बंद पडलं तर एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळणाऱ्या सिस्टीममध्ये ते उलटं सिलिंडरपर्यंत भरू शकतं.

बादलीतून पाणी जोरात खेचलं तर पंप चांगला आहे, परत 1 ते 3 वर जा. बादलीतूनही रडत असेल तर पुढे चला. पण बादलीत बुडवलेला होज तोच जुना आहे हे विसरू नका.

बाहेर येणारं पाणी पण मोजून ठेवा. माझ्या इंजिनाला सगळं ठीक असताना स्लोवर दहा लिटरची बादली भरायला 50 सेकंद लागतात, तो आकडा मी इंजिनाच्या पेटीच्या झाकणावर पेंटने लिहिलाय. तुमचा आकडा वेगळा असेल. ठणठणीत असताना मोजलेला असला की पुढे 70 सेकंद लागायला लागले की दोन आठवडे आधीच कळतं.

5. पट्टा किंवा ड्राइव्ह

पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर पट्टा अंगठ्याने दाबून बघा, साधारण एक सेंटीमीटर दबला पाहिजे. ढिला असेल तर घसरतो, आणि फार आवळला तर पंपाचं बेअरिंग खातो. इंजिनच्या गिअरवरून चालणारा असेल तर झाकण काढल्यावर इंजिन हाताने फिरवून शाफ्ट फिरतोय का बघा. शाफ्टची चावी किंवा पिन तुटली असेल तर इंपेलर चांगला असून जागच्या जागी उभा राहतो.

6. आता इंपेलर

कॉक बंद करा. खरंच बंद करा, मग झाकण काढा. स्क्रू ब्राँझचे असतात, खाच लगेच झिजते, बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरा. इंपेलर दोन स्क्रूड्रायव्हरने उचकटताना डब्याच्या कडेवर फडकं ठेवा, तिथे पडलेला एक खड्डा कायमची गळती देतो.

प्रत्येक पाकळी वाकवून तिच्या बुडाशी बघा, केसाएवढी चीर असली तरी बदलायचा. पाकळ्या एका बाजूला वाकलेल्या राहिल्या असतील आणि सरळ होत नसतील तर रबर संपलंय. टोकं काळी, चकचकीत, वितळल्यासारखी असतील तर तो कोरडा फिरलाय, म्हणजे खोट सक्शनला आहे आणि ती न काढता नवीन टाकलात तर तोही जाणार. मधला पितळी बुश रबरातून सुटलाय का ते पण बघा, बुश हाताने धरून पाकळ्या पिळायच्या.

पाकळी तुटली असेल तर तुकडे मोजा. सहा पाकळ्यांपैकी दोन गायब असतील तर ते दोन तुकडे इंजिनात पुढे कुठेतरी आहेत, बहुतेक ऑइल कूलरच्या तोंडाशी किंवा पहिल्या वळणात. ते सापडल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. मी दुरुस्त केलेल्या एका इंजिनात तीन वर्षांपूर्वीचे तुकडे कूलरच्या नळ्यांवर थापून बसले होते, मालक दोन वर्षं थर्मोस्टॅटला शिव्या देत होता.

नवीन बसवताना ग्लिसरीन किंवा भांड्याचा लिक्विड साबण लावा, ग्रीस नको. पाकळ्या फिरण्याच्या दिशेच्या उलट वाकलेल्या हव्यात. चुकून फिरण्याच्या दिशेनेच वाकलेल्या बसल्या तर इंजिन फिरल्यावर त्या आपोआप वळतात पण रबराला ताण पडतो. पॅकिंग मूळ जाडीच्या कागदाचंच कापा, साधारण पाव मिलिमीटर. जाड पॅकिंग टाकलं की गळत नाही म्हणून लोक खूश होतात, पण मग इंपेलर आणि झाकणात फट राहते आणि पंप ओढत नाही.

7. झाकण आणि कॅम

झाकणाच्या आतल्या बाजूवर नखाला लागेल अशी गोल खाच असेल तर पाणी त्यातून परत फिरतं. बाहेरची बाजू सपाट असेल तर झाकण उलटं लावा. नाहीतर जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकारात घासा, अर्ध्या तासात सपाट होतं. कॅम झिजला असेल तर नवीन शोधा, न मिळाल्यास चांगला टर्नर ब्राँझमधून करून देतो, जुना कॅम नमुन्याला घेऊन जा.

8. पंपाखालचे थेंब

पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. त्याच्या एका बाजूला पाण्याचं सील आणि दुसऱ्या बाजूला इंजिन ऑइलचं सील. भोकातून पाणी आलं तर पाण्याचं सील गेलं, ऑइल आलं तर ऑइलचं. हे भोक एम-सीलने बुजवलेलं मी स्वतः बघितलंय, आणि मग खारं पाणी शाफ्टवरून थेट ऑइल चेंबरमध्ये गेलं होतं. भोक कधीही बुजवायचं नाही, उलट काडीने मोकळं ठेवायचं. शाफ्ट हाताने वरखाली हलत असेल तर बेअरिंग गेलंय, नुसतं सील बदलून महिनाभरही टिकणार नाही.

9. पंप चांगला, पाणी भरपूर, तरी हीट

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात ठेवा, खाली गॅस, बाजूला थर्मामीटर, कितीला उघडतो बघा. थेट खाऱ्या पाण्यावरच्या इंजिनात तो साधारण 55 ते 60 डिग्रीला उघडणारा असतो. गाडीचा 80-82 वाला टाकू नका. समुद्राच्या पाण्यातला चुना उष्णतेने सुटतो आणि जितकं तापमान जास्त तितका जॅकेटमध्ये भराभर बसतो, म्हणून ही इंजिनं मुद्दाम थंड चालवतात. थर्मोस्टॅट काढूनच फेकलात तर इंजिन फार गार चालतं, डिझेल नीट जळत नाही आणि धूर होतो.

जस्ताचा ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा तुकडा) असेल तर काढून बघा, अर्ध्याहून जास्त खाल्ला असेल तर बदला आणि त्याचे पडलेले तुकडे आतून काढा. मग एक्झॉस्टचा एल्बो. पाणी मिसळणाऱ्या एल्बोत मीठ आणि कार्बनचा दगड होतो आणि बोटभर भोक उरतं.

इथे थांबा आणि मेकॅनिक बोलवा

डिपस्टिकवर ऑइल दुधाळ किंवा चहाच्या रंगाचं दिसलं तर इंजिन परत चालू करू नका, एकदाही नाही. खारं पाणी बेअरिंगला काही दिवसांतच गंज धरवतं, त्यामुळे मेकॅनिक त्याच आठवड्यात हवा.

डिकम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) उचलूनही इंजिन हाताने फिरत नसेल तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

जॅकेटमधला चुना काढायला बाथरूमचं ॲसिड ओतू नका. ते जुन्या बीडाला, जस्ताला आणि ॲल्युमिनियमला खातं, आणि पातळ झालेल्या भिंतीत चुना हाच बूच असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातं. जुनी इंजिनं उघडलेल्या माणसाकडूनच हे करून घ्या.

पंपाचं बेअरिंग आणि शाफ्ट प्रेसवर काढावं लागत असेल तर लेथवाल्याकडे द्या, ब्राँझच्या बॉडीवर हातोडा चालवू नका, तसा डबा परत मिळत नाही. तळाचा कॉक बदलायचा असेल तर होडी वर ओढूनच, आणि ते सुताराचं आणि मेकॅनिकचं दोघांचं काम आहे.

आणि इंजिन एकदा एवढं तापलं असेल की रंग जळला किंवा आपोआप बंद पडलं, तर पाणी परत सुरू झालं तरी हेडचं पॅकिंग तपासून घेतल्याशिवाय खाडीच्या बाहेर जाऊ नका.

पावसाळ्यात

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, माझी होडी मासेमारीची नसली तरी तेव्हाच वर ओढून शाकारतो. इंजिन गोड्या पाण्याच्या बादलीवर दहा मिनिटं चालवतो, मग इंपेलर काढून पिशवीत घालतो आणि ती स्टीअरिंगला बांधतो, म्हणजे तो न बसवता कुणी चालू करणार नाही. आत ठेवला तर पाकळ्या दोन महिने एकाच जागी दाबून राहतात आणि तशाच वाकतात. नारळी पौर्णिमेच्या आधी नवीन बसवतो, काढलेला चांगला असेल तर स्पेअर म्हणून पेटीत, पॅकिंग, चार स्क्रू आणि बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर त्याच पिशवीत.